मधला मुलगा



आजचं वाचन ऐतरेय ब्राह्मणाच्या सातव्या पंचिकेतलं, शुनःशेपाचं आख्यान. ज्यांनी आधी वाचलं नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगतो. राजा हरिश्चंद्राला मुलगा नाही. मुलगा झाला तर तो तुलाच यज्ञात अर्पण करीन, असा शब्द तो वरुणाला देतो. रोहित जन्मतो, मोठा होतो, आणि बापाचा शब्द कळल्यावर रानात निघून जातो. तिथे त्याला अजीगर्त नावाचा उपाशी ब्राह्मण भेटतो. त्याला तीन मुलं. शंभर गाईंच्या बदल्यात एक मुलगा माझ्या जागी दे, असं रोहित म्हणतो. बाप थोरल्याला कवटाळतो, हा नाही. आई धाकट्याला कवटाळते, हाही नाही. उरतो तो मधला, शुनःशेप. त्याच्यावर दोघांचं एकमत होतं.

पुढचा भाग मी शेवटी घेतो. आधी हे आख्यान आजच का, ते सांगतो.

गेल्या आठवड्यात ऑफिसमधल्या एका मित्राने रात्री अकराला फोन केला. त्याचा परस्परसंमतीने घटस्फोट चाललाय. मुलगी चार वर्षांची. दोन्हीकडच्या मंडळींनी मिळून अटींचा मसुदा केलाय, त्यात एक कलम आहे: त्याने एकदाच काय ती रक्कम द्यायची आणि त्यानंतर मुलीवर त्याचा हक्क नाही, भेट नाही, आणि महिन्याला द्यायचे पैसेही नाहीत. दोन्ही बाजूंनी एकदम हात मोकळे. सही करू का, हा प्रश्न त्याने वकिलाला विचारलाच होता. मला विचारलं ते वेगळंच: तू रोज हे पोथ्यांचं वाचतोस, तर बाप होणं सोडता येतं का, शास्त्र काय म्हणतं?

माझ्याकडे उत्तर नव्हतं. सकाळी वाचनाला बसलो तर क्रमाने हेच आख्यान आलेलं. मी योगायोगांमधून फार अर्थ काढणारा माणूस नाही, पण त्या दिवशी पुस्तक मिटून थोडा वेळ बसून राहिलो. आणि मग आठवला आमच्याकडचा एक मधला मुलगा. तोही तीन भावांतला. त्यालाही बापाने दिलं. त्याचं नाव तुम्ही सगळ्यांनी ऐकलंय, फक्त या बाजूने क्वचित ऐकलं असेल.

मी मूळचा नामपूरचा. बागलाण तालुक्यातलं, मोसम नदीकाठचं गाव. कांदा, डाळिंब आणि अहिराणी. हीच मोसम पुढे मालेगावातून जाते, आणि त्या मालेगाव तालुक्यात कवळाणे नावाचं गाव आहे. तिथे ११ मार्च १८६३ रोजी काशीराव आणि उमाबाई गायकवाड यांच्या पोटी गोपाळ जन्मला. थोरला आनंदराव, मधला गोपाळ, धाकटा संपतराव. आडनाव बडोद्याच्या राजघराण्याचं, पण ही शाखा खूप दूरची, गादीच्या आसपासही नाही. घरात शेती. गोपाळ बारा वर्षांचा होईपर्यंत त्याला लिहिता-वाचता येत नव्हतं. आमच्या शाळेत त्याची गोष्ट सांगताना गुरुजी नेहमी इथेच सुरू करायचे आणि थेट राजवाड्यात पोचायचे. मधलं कोणी सांगत नसे.

तर मधलं असं. बडोद्याचे महाराज खंडेराव १८७० मध्ये वारले. मुलगा नव्हता. राणी जमनाबाई गरोदर होत्या, म्हणून गादीचा निर्णय थांबवून ठेवला. १८७१ च्या जुलैमध्ये मुलगी झाली आणि खंडेरावांचे भाऊ मल्हारराव यांचा मार्ग मोकळा झाला. मल्हाररावांनी चार वर्षांत खजिना उधळला. सोन्याच्या तोफा घडवल्या. शेवटी इंग्रज रेसिडेंट कर्नल फेर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप त्यांच्यावर आला. चौकशीला सहा जणांचं कमिशन बसलं, तीन हिंदी आणि तीन इंग्रज, आणि मतं तीन-तीन अशी सरळ दुभंगली. तरीही एप्रिल १८७५ मध्ये गैरकारभाराच्या कारणाने त्यांना पदच्युत करून मद्रासला पाठवलं. आता गादीला वारस हवा. इंग्रज सरकारने जमनाबाईंना दत्तक घ्यायची परवानगी दिली. त्या तेव्हा बावीस वर्षांच्या होत्या. बावीस! आपल्याकडे त्या वयात पोरं कॅम्पस इंटरव्ह्यू देतात.

घराण्याच्या लांबच्या शाखा शोधल्या गेल्या आणि काशीराव तिन्ही मुलांना घेऊन बडोद्याला गेले. तिथे तिघांनाही विचारलं गेलं की तुम्ही कशाला आलात. इतर दोघांनी काहीबाही सांगितलं आणि गोपाळने न अडखळता सांगितलं की मी राज्य करायला आलोय, अशी कथा सगळीकडे सांगतात. कथा गोड आहे. पण मला नेहमी वाटतं की हा प्रश्न मुलांना विचारला गेला तेव्हा बाप कुठे उभा होता? तीन मुलं घेऊन आलेला माणूस, परत जाताना दोन असणार हे त्याला माहीत होतं. कोणती दोन, एवढंच माहीत नव्हतं. अजीगर्ताच्या दारातला तोच प्रसंग, फक्त इथे निवड करणारे वेगळे.

२७ मे १८७५ ला दत्तकविधान झालं. गोपाळचा सयाजीराव झाला. १६ जूनला तो गादीवर बसला.

इथे जरा थांबतो, कारण माझ्या मित्राच्या प्रश्नाचं अर्धं उत्तर या विधीतच आहे.

मुलगा देण्याचा अधिकार कोणाला, यावर आपल्या धर्मशास्त्रात पुष्कळ खल झालाय. वसिष्ठ धर्मसूत्र आई-बापांना तो अधिकार देतं, पण लगेच दोन कुंपणं घालतं. एकुलता एक मुलगा देऊ नये आणि घेऊही नये, कारण देणाऱ्याचा वंश तुटतो. आणि बाईने नवऱ्याच्या संमतीशिवाय देऊ-घेऊ नये. पुढच्या निबंधकारांनी थोरलाही देऊ नये असं सांगितलं. म्हणजे शास्त्राच्या हिशेबाने द्यायला सगळ्यात मोकळा तो मधलाच. अजीगर्ताच्या बायकोने धाकटा धरून ठेवला, ते शास्त्र नव्हे, ती आई होती.

प्रत्यक्ष विधी साधा आहे. जन्मदाता स्वतः देतो. घेणारा दोन्ही हातांनी स्वीकारतो, मुलाला मांडीवर घेतो, त्याचं मस्तक हुंगतो, धर्मासाठी आणि वंशासाठी मी तुला घेतो अशा अर्थाचं बोलतो, आणि मग होम होतो. नंद पंडितांच्या दत्तकमीमांसेपासून इंग्रजांच्या कोर्टांपर्यंत सगळ्यांनी एका गोष्टीवर बोट ठेवलं: देणं आणि घेणं, या दोन्ही क्रिया घडल्या पाहिजेत. नुसतं देणं म्हणजे काहीच नाही. आमच्या धंद्यात हे लगेच कळतं. तुम्ही एखादा मोड्यूल सोडून दुसऱ्या टीमला जाता तेव्हा मी सोडला अशी मेल टाकून सुटका होत नाही. समोर कोणीतरी नाव घेऊन तो स्वीकारावा लागतो, नाहीतर रात्री तीन वाजता सर्व्हर पडला की फोन तुम्हालाच येतो.

आणि स्वीकारल्यानंतर मात्र तुटतं ते पुरतं तुटतं. मनुस्मृतीच्या नवव्या अध्यायात नियम आहे: दिलेल्या मुलाने जन्मदात्याचं गोत्र घेऊ नये, संपत्तीही घेऊ नये, आणि पिंड हा गोत्र आणि संपत्तीच्या मागे जातो, म्हणून ज्याने मुलगा दिला त्याला त्या मुलाच्या हातचा पिंडही मिळत नाही. पहिल्यांदा वाचलं तेव्हा मला हे क्रूर वाटलं. आता वाटतं यात एक प्रामाणिकपणा आहे. पोषणाचं ओझं गेलं तर म्हातारपणाचा आधारही गेला, मेल्यावरचं पाणीही गेलं. हक्क ठेवून कर्तव्य सोडायची सोय नाही. माझ्या मित्राच्या मसुद्यातही दोन्ही एकदम सोडायचं होतं, पण त्यात एक बाजू पूर्ण रिकामी होती: त्याच्या जागी बाप म्हणून घेणारं कोणीच नव्हतं. कागदावर सही करून जे सोडलं जात होतं ते कुणाच्या ओंजळीत पडत नव्हतं.

काशीराव १८७७ मध्ये वारले, म्हणजे दत्तकविधानानंतर दोनच वर्षांनी. वय पंचेचाळीसच्या आसपास. मधला मुलगा तेव्हा चौदा वर्षांचा, बडोद्याचा राजा. शास्त्राच्या नियमाने त्यांच्या पिंडाचा अधिकार आता इतर दोघांचा. मी या दोन वर्षांबद्दल खूप विचार केलाय. काशीराव म्हणजे अजीगर्त का? त्याने शंभर गाई मोजून घेतल्या. यांच्या घरालाही या दत्तकाने दिवस बदलून मिळाले, भाऊ पुढे बडोद्यातच राहिले, शिकले. हिशेब मांडायचा म्हटलं तर मांडता येतो. पण अजीगर्ताने मुलगा दिला तो मरायला दिला, आणि हे त्याला माहीत होतं. काशीरावांनी मुलगा एका अशा बाईच्या मांडीवर दिला जिला मुलगा हवा होता. हा फरक मला पुरेसा वाटतो. माझ्या आईला वाटत नाही.

आईला ही गोष्ट मी फोनवर सांगितली. ती नामपूरला असते, सकाळी हरिपाठ झाल्याशिवाय चहा घेत नाही. तिने सगळं ऐकून एकच विचारलं, की उमाबाईला कोणी विचारलं का. मी म्हटलं जुन्या शास्त्रात बापाचं देणं पुरतं. त्यावर ती काही बोलली नाही आणि भाजीचा विषय काढला. मला ते चांगलंच लागलं. बारा वर्षांचं पोर म्हणजे अंगावरचं तान्हं नव्हे. त्याला घराची वाट, गोठा, आईच्या हातची भाकरी सगळं आठवणार. गोपाळ नाव पुसून सयाजी लिहिता येतं, पण बारा वर्षं पुसता येत नाहीत.

भागवतातला प्रवास नेमका उलटा आहे, लक्षात घ्या. तिथे वसुदेव जन्मलेलं बाळ भर पावसात यमुनेपार नेऊन नंदाघरी ठेवतो, आणि राजघराण्यातला मुलगा गोपाळ होतो. पुढे तो मथुरेला परत येतो, जन्मदात्यांना बंदीतून सोडवतो, आणि यशोदा मागे राहते. इथे गोपाळ गावातून निघाला आणि राजा झाला, आणि मागे राहिल्या त्या जन्म देणाऱ्या उमाबाई. दोन्हीकडे एका आईच्या वाट्याला रिकामा पाळणा आहेच. आपण कीर्तनात यशोदेसाठी रडतो, आणि ते योग्यच आहे.

बडोद्यात मुलाची मुळापासून घडण सुरू झाली. राजा सर टी. माधवराव दिवाण होते, कारभार त्यांनी पाहिला. इलियट नावाचे इंग्रज शिक्षक नेमले गेले. ज्याला अक्षरओळख नव्हती त्याला सहा वर्षांत मराठी, गुजराती, इंग्रजी, उर्दू, हिशेब, इतिहास, कायदा, घोडेस्वारी. मला आठवतं, इंजिनिअरिंगच्या पहिल्या वर्षाला मी मराठी माध्यमातून गेलो तेव्हा सहा महिने वर्गात नुसता घाम फुटायचा. त्या मुलाचं काय झालं असेल! २८ डिसेंबर १८८१ ला पूर्ण अधिकार हाती आले, वय अठरा. त्याच्या आधीच, जानेवारी १८८० मध्ये, तंजावरच्या लक्ष्मीबाईंशी लग्न झालं होतं. बडोद्यात त्या चिमणाबाई झाल्या. दत्तक मुलगा आणि लग्न होऊन आलेली मुलगी, दोघांचीही नावं त्या घराने बदललेली.

सयाजीरावांची कामं सगळ्यांना पाठ आहेत: बँक ऑफ बडोदा १९०८, गावोगावची वाचनालयं, लक्ष्मीविलास पॅलेस. ती यादी मी इथे देत नाही, कुठेही मिळेल. मला दिसतात ती वेगळी. १८९३ मध्ये त्यांनी अमरेली भागातल्या काही गावांत प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं, आणि १९०६ मध्ये ते सगळ्या संस्थानाला लावलं. सक्ती म्हणजे कुणावर? मुलावर नव्हे, बापावर. मूल शाळेत पाठवलं नाही तर दंड. शेतकऱ्याच्या घरात मूल म्हणजे हाताशी आलेला कामकरी, हे या राजाला पुस्तकातून शिकावं लागलं नव्हतं. १९०४ मध्ये बालविवाहाला बंदी घालणारा कायदा केला. मुलीचं वय किमान बारा, मुलाचं सोळा. आज ते आकडे वाचून आपण दचकतो, पण तेव्हा त्यावरूनही गदारोळ झाला, कारण मुलीचं लग्न कधी करायचं हा बापाचा हक्क समजला जायचा. प्रत्येक वेळी हा माणूस बाप आणि मूल यांच्या मध्ये येऊन उभा राहिलेला दिसतो. बापाचा हक्क थोडा कापायचा, कर्तव्य थोडं वाढवायचं.

आणि दुसऱ्यांची मुलं. विठ्ठल रामजी शिंदे १९०१ मध्ये ऑक्सफर्डला धर्माच्या अभ्यासाला निघाले, त्यांच्या प्रवासखर्चाला बडोद्याची मदत होती. फेब्रुवारी १९१३ मध्ये भीमराव आंबेडकरांचे वडील रामजी सुभेदार वारले. त्याच वर्षी बडोद्याच्या शिष्यवृत्तीवर भीमराव न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात गेले. महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. परत आल्यावर दहा वर्षं संस्थानची नोकरी करायची, असा करार होता. ती नोकरी कशी मोडली, बडोद्यात त्यांना राहायला जागा कशी मिळाली नाही, ते तुम्हाला माहीत आहे, आणि त्याचा डाग संस्थानावरच आहे. शिष्यवृत्ती देणं सोपं. दिलेल्या मुलाला घरात जागा करून देणं कठीण. घेणाऱ्याचा हात तिथे कमी पडला.

या ब्लॉगवर येणाऱ्यांना आवडेल असं एक: १९१५ मध्ये बडोद्यात हिंदू पुरोहितांसाठी कायदा झाला. विधी करणाऱ्या पुरोहिताने परीक्षा पास झालेलं असावं आणि यजमानाला विधीचा अर्थ त्याच्या भाषेत समजावून सांगावा. मला हे वाचताना राहून राहून १८७५ चा मे महिना दिसतो. अक्षरओळख नसलेला बारा वर्षांचा मुलगा, समोर होम, कानावर संस्कृत, आणि त्या शब्दांनी त्याचे आईबाप बदलताहेत. या दोन गोष्टींचा संबंध मी माझ्या मनाने जोडतोय, हे खरं. पण तुम्हीच सांगा, तो न जोडता कसं राहायचं? त्याच सुमाराला गायकवाड प्राच्य ग्रंथमाला सुरू झाली, १९२७ मध्ये प्राच्यविद्या मंदिर उभं राहिलं. आपण इथे वाल्मीकी रामायणाची जी चिकित्सक आवृत्ती वापरतो, ती पुढे याच संस्थेने काढली. म्हणजे आपल्या रोजच्या वाचनात कवळाण्याच्या त्या मुलाचा हात आहेच.

बाप म्हणून मात्र त्यांच्या वाट्याला फार दुःख आलं. लक्ष्मीबाई १८८५ मध्ये क्षयाने गेल्या. त्याच वर्षाअखेर दुसरं लग्न झालं, देवासच्या गजराबाईंशी. त्याही चिमणाबाईच झाल्या. थोरला मुलगा फत्तेसिंहराव १९०८ मध्ये वारला, पंचविशीत. शिवाजीराव १९१९ मध्ये. जयसिंहराव १९२३ मध्ये. चार मुलांतले तीन डोळ्यांदेखत गेले. ज्या घरात वारस नाही म्हणून मालेगाव तालुक्यातून मुलगा आणला, त्या घरात हा मुलगा आपल्या मुलांना अग्नी देत राहिला.

मुलगी इंदिरा. तिचं लग्न ग्वाल्हेरच्या माधवराव शिंद्यांशी ठरलेलं, तयारी झालेली. १९११ च्या दिल्ली दरबारात तिची गाठ कूचबिहारच्या राजपुत्र जितेंद्रशी पडली आणि तिने स्वतः पत्र लिहून ग्वाल्हेरचं लग्न मोडलं. आईबापांनी दोन वर्षं विरोध केला, तिला आडवलं. शेवटी १९१३ मध्ये लंडनमध्ये तिने त्याच्याशी लग्न केलं, आईबाप त्या लग्नाला नव्हते. बालविवाह थांबवणारा, मुलींना शाळेत पाठवणारा राजा आपल्या मुलीच्या बाबतीत साधा हट्टी बाप निघाला. मला हे कळल्यावर ते जास्त जवळचे वाटले, खोटं कशाला सांगू. आणि १९३१ मध्ये त्याच राजाने हिंदूंना कायद्याने घटस्फोट घेता येईल असा कायदा आपल्या संस्थानात केला. देशभर तशी सोय व्हायला १९५५ उजाडलं.

आता आख्यानाचा राहिलेला भाग. यज्ञमंडपात शुनःशेपाला खांबाला बांधायला कोणी पुढे येत नाही. आणखी शंभर गाई घेऊन अजीगर्त बांधतो. मारायला कोणी तयार नाही. आणखी शंभर घेऊन तो सुरीला धार लावत येतो. मुलगा एकेका देवाची स्तुती करतो आणि एकेक पाश गळून पडतो. सुटल्यावर तो जाऊन विश्वामित्राच्या मांडीवर बसतो. अजीगर्त मुलगा परत मागतो. विश्वामित्र देत नाही, हा देवांनी मला दिला म्हणतो. म्हणून त्याचं नाव देवरात. अजीगर्त केलेल्याबद्दल पश्चात्ताप सांगतो, गाई देऊ करतो. मुलगा नाकारतो. ज्याने हे एकदा केलं तो पुन्हा करील, अशा अर्थाचं काहीतरी तो बोलतो आणि विश्वामित्राचा होतो. त्यातही विश्वामित्राची पन्नास थोरली मुलं या नव्या भावाला मान्य करत नाहीत आणि शाप घेतात. मधुच्छंदा आणि त्याच्या धाकट्या भावांनी मात्र त्याला थोरला मानलं.

म्हणजे वेदाच्या या आख्यानात सोडणाऱ्याला परतीची वाट आहे की नाही, हे मूल ठरवतं.

मित्राला मी हे सगळं असंच सांगितलं नाही, त्याने फोन ठेवला असता. आधी वकिलाशी पुन्हा बोलायला लावलं. त्यातून जे समजलं ते इतरांच्याही कामाला येईल. १९५६ च्या हिंदू दत्तक आणि निर्वाह कायद्यात अल्पवयीन मुलांना पोसण्याची जबाबदारी आई आणि बाप दोघांवर आहे. ती आईबापांनी आपसांत सही करून मिटत नाही, कारण ती मुलीची आहे. तिच्या वतीने कोर्टात मागता येते, अटी काहीही असोत. बापपण कायद्याने खरोखर संपतं ते दत्तक दिल्यावर, त्या दिवसापासून मूल दुसऱ्या घरचं. ते एकदा झालं की रद्द होत नाही. पैसे घेऊन देता येत नाही. अजीगर्ताचा रस्ता तिथे बंद आहे. आणि दुसऱ्या पालकाच्या संमतीशिवाय देता येत नाही. आईला हे सांगितलं तेव्हा तिने एवढंच म्हटलं, की बऱ्याच उशिरा सुचलं. ज्या आईबापांना खरंच सांभाळणं शक्य नाही त्यांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याखाली बाल कल्याण समितीपुढे मूल सोपवता येतं. त्यातही फेरविचाराला दोन महिने मिळतात. काशीरावांना दोन महिने नव्हते. २७ मेला दिलं, १६ जूनला मुलगा गादीवर.

मित्राने मसुदा परत पाठवलाय. भेटीचं कलम घालायला सांगितलंय, दर महिन्याच्या रकमेचंही. समोरून अजून उत्तर नाही. तो चिडलेला आहे, आणि थोडा माझ्यावरही, कारण एकरकमी देऊन मोकळं होणं त्याला खरंच हवं होतं. त्याला दोष द्यायची माझी लायकी नाही. मला मूल नाही.

सयाजीराव ६ फेब्रुवारी १९३९ ला मुंबईत वारले. त्यांच्यामागे गादीवर नातू प्रतापसिंहराव बसले, फत्तेसिंहरावांचा मुलगा; बाप गेला तेव्हा तान्हं बाळ होतं ते. आजोबाच्या घरात वाढलं. तिथे कुठलं दत्तकविधान लागलं नाही.

दिवाळीला गावी जाईन तेव्हा आईला घेऊन मालेगावमार्गे कवळाण्याला जाऊन यायचं ठरवलंय. तिला उमाबाईचं गाव बघायचंय.

उद्या याच पंचिकेतला पुढचा खंड. पुस्तक जवळ असेल तर आधी एकदा वाचून या.

राम कृष्ण हरी.